मुंबईच्या पानावरची चार ओळींची बातमी कुठे गेली?

पार्लेकरीण

गेल्या महिन्यात माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर असलेल्या सभागृहात एका ज्येष्ठ गायिकेची मैफल झाली आणि ती होऊन गेल्याचे मला आठ दिवसांनी, मंडईत भेटलेल्या शेजारणीकडून कळले. माझ्या फोनवर चार वृत्तवाहिन्यांची अ‍ॅप आहेत, घरी दोन मराठी वर्तमानपत्रे येतात, शिवाय इमारतीचा, वाचनालयाचा आणि शाळेतल्या मैत्रिणींचा असे तीन व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. त्या आठवड्यात दिल्लीतल्या घडामोडी मला तासागणिक कळत होत्या. सात मिनिटांवरची मैफल मात्र कळली नाही. तेव्हापासून हे मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझे वडील सकाळचा पेपर हातात आला की आधी मुंबईचे पान काढत. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात 'आजचे कार्यक्रम' किंवा तशाच काहीशा मथळ्याचे एक अरुंद सदर असे. व्याख्यान, कीर्तन, पुस्तक प्रकाशन, चित्रप्रदर्शन, एखाद्या ग्रंथालयाची वार्षिक सभा. विषय, वक्ते, स्थळ, वेळ. दोन ओळी, फार तर चार. वडील शिसपेन्सिलीने त्यांवर ठिपके देत. एक ठिपका म्हणजे जमल्यास जायचे आणि दोन ठिपके म्हणजे जायचेच. त्यांचे कार्यालय फोर्टमध्ये होते. संध्याकाळी घरी परतताना ते दादरला उतरत, व्याख्यान ऐकत आणि नऊच्या सुमाराची गाडी पकडून पार्ल्याला येत. एकदा ते सह्याद्रीतल्या बेसॉल्ट खडकावरचे व्याख्यान ऐकून आले आणि पुढचे चार दिवस आम्ही जेवताना खडकांविषयीच ऐकत होतो. त्यांना भूगर्भशास्त्रात मुळीच रस नव्हता. दुसऱ्या दिवशी कोणत्या विभागात पाणी येणार नाही ही बातमी शोधताना, त्याच स्तंभात खाली ती नोंद त्यांच्या नजरेस पडली होती.

तीच गोष्ट नाटकांच्या जाहिरातींची. मला मुंबईचा नकाशा शाळेतल्या भूगोलापेक्षा त्या पानाने अधिक शिकवला. शिवाजी मंदिर दादरला, दीनानाथ आमच्या पार्ल्यात, प्रबोधनकार ठाकरे बोरिवलीला, कालिदास मुलुंडला, साहित्य संघ गिरगावात, दामोदर परळला आणि गडकरी रंगायतन ठाण्याला, हे मी 'शनि. दु. ४' आणि 'रवि. रात्रौ ८' यांच्या जोडीने पाठ केले होते. चौकोनाच्या तळाशी, सगळ्यांत बारीक टाइपात, सूत्रधाराचे नाव असे. पडद्यामागे व्यवस्थापन पाहणाऱ्या त्या माणसाला प्रेक्षक कधी पाहत नसत, पण त्याचे नाव आम्हाला ठाऊक असे.

माझे म्हणणे असे आहे, की एवढ्या मोठ्या शहराचे सांस्कृतिक जीवन कलाकार, संस्था आणि सभागृहे यांच्या बळावर उभे राहत असले, तरी ते रोज चालू राहते ते या चार ओळींमुळे. आणि त्या ओळी सर्वांना दिसतील अशा एकाच ठिकाणी छापल्या जात होत्या, हे त्यांचे खरे मोल होते. आता माहिती कमी झाली आहे असे मला वाटत नाही, पण ती ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे वाटली जाते. नाटके पाहणाऱ्याला नाटके दिसतात. पाणीकपात शोधणाऱ्याला खडक दिसत नाहीत. इतरांचा अनुभव काय आहे, हे मनापासून जाणून घ्यायचे आहे.

जुना उपसंपादक

मी मुंबईच्या एका मराठी दैनिकात २२ वर्षे काम केले आणि त्यांतली सहा वर्षे हे सदर माझ्याकडे होते. तुमच्या वडिलांनी ठिपके दिलेल्या काही ओळी कदाचित माझ्या हाताखालून गेल्या असतील, या विचाराने आज फार बरे वाटले.

हे काम कसे चाले ते सांगतो, कारण ते आता कोणी लिहून ठेवणार नाही. दुपारी बाराच्या सुमारास टपाल येई. पोस्टकार्डे, संस्थांच्या शीर्षपत्रावरची पत्रे, कधी शाळेच्या वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेली सूचना. काही संस्थांचे कार्यवाह टपालावर विश्वास न ठेवता स्वतः येत आणि दारावरच्या रखवालदाराकडे पाकीट देऊन जात. माझ्या टेबलाशेजारी ३१ खणांची एक लाकडी पेटी होती, महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक खण. पत्र आले की तारखेच्या खणात टाकायचे आणि आदल्या दिवशी तो खण रिकामा करायचा. मला मिळालेला पहिला धडा म्हणजे वार आणि तारीख जुळतात का ते कॅलेंडरवर पाहणे, कारण दर आठवड्याला दोन-तीन पत्रांत ती जुळत नसत आणि मग संस्थेला फोन करावा लागे. दुसरा धडा विशेषणांचा. 'सुप्रसिद्ध', 'थोर विचारवंत', 'रसिकांचे लाडके' ही सगळी काढायची, म्हणजे त्या जागेत आणखी एक कार्यक्रम बसतो.

संध्याकाळी उशिरा एखादी जाहिरात आली की आमचे सदर आखडत असे. मग कोणती नोंद गाळायची, हा प्रश्न माझ्यापुरता मी असा सोडवला होता, की ज्यांचे नाट्यगृह प्रसिद्ध आहे किंवा ज्यांची जाहिरात आतल्या पानावर आहे त्यांना आधी गाळायचे, आणि मुलुंड, गोरेगाव, चेंबूर इथल्या विनामूल्य कार्यक्रमांना शेवटपर्यंत ठेवायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आधीच्या सहकाऱ्याने मला तोंडी दिला आणि मी पुढच्याला दिला.

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. गिरगावातल्या एका व्याख्यानाची वेळ सहाची सात छापली गेली. सातला पोचलेले लोक शेवटची दहा मिनिटे दाराशी उभे राहून ऐकत होते, असे कार्यवाहांनी मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. मी कार्यालय सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, की दाराशी उभे होते त्यांपैकी बहुतेकांना ते ओळखत नव्हते. संस्थेचे सभासद वेळेवर आले होते, कारण त्यांना घरी पत्रे गेली होती. अनोळखी माणसे फक्त माझ्या ओळी वाचून आली होती. त्या दिवसापर्यंत मी ते काम पान भरण्याचे समजत होतो. त्यानंतर मी एकही वेळ दोनदा तपासल्याशिवाय सोडली नाही.

इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी सुरू केलेल्या 'मुंबई समाचार' या गुजराती वृत्तपत्राच्या आरंभीच्या अंकांत जहाजांच्या ये-जा आणि मालमत्तेच्या व मालाच्या विक्रीच्या सूचना भरलेल्या असत. बंदरात आज काय आले आणि ते कुठे मिळेल, ही नोंद अग्रलेखाच्या आधीची आहे. मराठीतले पहिले वृत्तपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण', ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी.

सदर बंद कसे झाले याचे उत्तर सरळ आहे. आधी ते उपनगरांच्या पुरवण्यांत विभागले गेले, म्हणजे पार्ल्याच्या वाचकाला मुलुंडची नोंद दिसेनाशी झाली. २०२० च्या मार्चअखेरीस मुंबईत छापील वर्तमानपत्रांचे वितरणच काही दिवस थांबले, सभागृहे तर कितीतरी महिने बंद राहिली, आणि छापायला कार्यक्रमच उरले नाहीत. सभागृहे पुन्हा उघडली तेव्हा आमच्याकडे हे सदर परत आले नाही. ते बंद करण्याचा निर्णय कोणी घेतला होता असे नाही. पुन्हा सुरू करण्याचा निर्णय कोणी घेतला नाही, इतकेच.

परळकर

पार्लेकरीण, तुमच्या वडिलांच्या पेन्सिलीविषयी वाचून बरे वाटले, पण मला या चर्चेत एक वेगळी गोष्ट ठामपणे मांडायची आहे. ते पान सर्वांचे होते, असे आपण म्हणता. आमचे ते फारसे कधी नव्हते.

मी परळला, गिरणी कामगाराच्या घरात वाढलो. आमच्याकडे कार्यक्रमांची वाण नव्हती. शिमग्याच्या आधीपासून नमन या कोकणी लोकनाट्याचे प्रयोग, गणपतीत जाखडी नृत्य, वर्षभर भजनांच्या डबलबाऱ्या म्हणजे दोन मंडळांचे सामने, सिंधुदुर्गातून येणाऱ्या दशावतारी मंडळींचे प्रयोग, कामगारांच्या नाट्यस्पर्धा, जयंतीला भीमगीतांचे सामने. यांची खबर आम्हाला मिळे ती चाळीच्या नाक्यावरच्या फळ्यावरून, गावच्या मंडळाच्या खोलीतून आणि पिवळ्या किंवा गुलाबी पातळ कागदावरच्या हँडबिलांवरून. प्रयोगाला तुडुंब गर्दी होत असे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचा शब्द नसे. शिवाजी मंदिरातल्या प्रयोगाचे परीक्षण छापून येई, माधव मनोहर किंवा कमलाकर नाडकर्णी काय लिहितात याची वाट पाहिली जाई. आणि आमच्याकडे रात्रभर चाललेल्या खेळाला दोन ओळी मिळत नसत. उपसंपादक महोदय, आपण विनामूल्य आणि दूरच्या कार्यक्रमांना जागा देत होतात याबद्दल आदर वाटतो, पण आमची हँडबिले आपल्या ३१ खणांपर्यंत पोचतच नव्हती, कारण ती पाठवायची असतात हे आमच्या मंडळांना कोणी सांगितले नव्हते आणि पाठवली तर छापली जातील असे वाटण्यासारखे काही घडले नव्हते.

दामोदर नाट्यगृहाचे उदाहरण घ्या. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे हे सभागृह १९२२ पासून परळमध्ये उभे होते. कोकणातल्या लोककलांना परवडेल अशा भाड्यात मिळणारे ते हक्काचे ठिकाण. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झाले, रंगकर्मींनी आवाज उठवला आणि मग महिनाभर त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. त्या आल्या हे चांगलेच झाले. पण शंभर वर्षे तिथे जे चालत होते त्याची नोंद ठेवली गेली असती, तर काय जाते आहे हे शहराला आधी समजले असते.

ज्यांना पान मिळाले नाही त्यांनी स्वतःचे पान काढले, हाही या शहराचाच इतिहास आहे. 'दीनबंधु' हे वृत्तपत्र पुण्यात १८७७ साली सुरू झाले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यातून. आज आपण रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला जातो तेव्हा ही आठवण ठेवावी असे मला नेहमी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला, तेव्हा त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातही त्या काळच्या एका अग्रगण्य मराठी वृत्तपत्राने छापली नव्हती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक चाळींच्या मधल्या मैदानात उभे राहून जे गात होते, ते आमच्या आजोबांच्या पिढीचे वर्तमानपत्रच होते.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपला मी दोष देणार नाही. आमच्या गावमंडळाच्या गटावर मला आज कोणते नमन कुठे आहे, गाडी कितीला सुटणार आहे आणि कोणत्या गवळणीला कोण उभे राहणार आहे हे सगळे कळते. माझ्या वडिलांना यासाठी तीन नाके फिरावे लागत.

पार्लेकरीण

परळकर, आपण लिहिले ते मी दोनदा वाचले आणि माझ्या पहिल्या लेखनातला 'सर्वांना' हा शब्द मी विचार न करता वापरला होता, हे मान्य करते.

तरीही एक विचारते. आपल्या मंडळाच्या गटावर जे येते ते माझ्यापर्यंत कसे पोचेल? मी आयुष्यात एकदाच दशावतार पाहिला आहे, तोही सावंतवाडीला पाहुणी म्हणून गेले होते तेव्हा. तो माझ्या शहरात, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, दर वर्षी होत आला आहे हे मला आज, आपल्या प्रतिसादातून कळले. पूर्वी ते पेपराने सांगितले नाही आणि आता फोन सांगत नाही. त्यामुळे आपली तक्रार आणि माझी तक्रार एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे मला वाटत नाही.

शहरबातमी

मी सध्या एका मराठी दैनिकात महापालिकेचे वार्तांकन करतो. इथे आतापर्यंत कार्यक्रमांच्या नोंदींविषयी लिहिले गेले. त्यामागे असलेली एक गोष्ट मांडतो, कारण ती वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

मुंबईतली दीनानाथ, प्रबोधनकार ठाकरे आणि कालिदास ही नाट्यगृहे महापालिका चालवते. त्यांचे भाडे, तारखांचे वाटप, वातानुकूलन, रंगपटातली, म्हणजे कलाकारांच्या तयारीच्या खोल्यांतली, स्वच्छतागृहे, दुरुस्तीसाठी किती महिने पडदा बंद राहणार, हे सगळे महापालिकेच्या कागदांवर ठरते. म्हणजे नाटकाची बातमी ही पुष्कळदा आधी महापालिकेची बातमी असते. महापालिकेत नगरसेवक होते तेव्हा स्थायी समिती, सुधार समिती, शिक्षण समिती यांच्या बैठकींना आम्ही बसत असू. विषयपत्रिकेत ५०-६० प्रस्ताव असत आणि त्यांत कुठेतरी तीन ओळींत एखाद्या नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव दडलेला असे. एखादा नगरसेवक उठून प्रश्न विचारी, प्रशासनाला उत्तर द्यावे लागे, आणि ते उत्तर म्हणजे आमची बातमी.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ महापालिकेवर प्रशासक होते. २०२५-२६ या वर्षाचा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेवर सभागृहात एकही निवडून आलेला माणूस प्रश्न विचारत नव्हता. समित्यांच्या बैठका नव्हत्या, म्हणून विषयपत्रिका नव्हती, म्हणून पत्रकार कक्षात आमच्या हाती येई ते प्रसिद्धिपत्रक. प्रसिद्धिपत्रकात नाट्यगृहाचे नूतनीकरण 'प्रगतिपथावर' असते. ते खरोखर किती झाले, हे पाहायला बोरिवलीला जावे लागते, आणि तो दिवस मिळवावा लागतो.

तो दिवस मिळत नाही हीच खरी अडचण आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या दैनिकात महापालिकेला दोन बातमीदार होते, आरोग्याला एक, शिक्षणाला एक आणि सांस्कृतिक घडामोडींना एक. आज महापालिका, आरोग्य आणि पावसाळ्यात हवामान हे तिन्ही माझ्याकडे आहे. सांस्कृतिक बातमीदाराची जागा त्यांच्या निवृत्तीनंतर भरली गेली नाही. या व्यवसायाची अवस्था केवळ मराठीपुरती नाही. 'डीएनए' या इंग्रजी दैनिकाची मुंबईतली छापील आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली आणि 'मुंबई मिरर' डिसेंबर २०२० मध्ये दैनिक म्हणून बंद झाले. ज्यांच्याशी आम्ही स्पर्धा करत होतो ते सहकारी गेले, आणि स्पर्धा गेली की कार्यालयात 'त्यांच्याकडे आले, आपल्याकडे का नाही' असे विचारणारेही कोणी उरत नाही.

मागे एका नाट्यगृहाच्या रंगपटात गळती होत असल्याची बातमी मी केली. कलाकार छत्री उघडून त्याखाली मेकअप करत होते. संकेतस्थळावर ती बातमी किती जणांनी उघडली याचा आकडा संध्याकाळच्या बैठकीत पडद्यावर आला आणि तो अगदी थोडा होता. पण आठवडाभराने त्या छतावर ताडपत्री पडली आणि महिन्याभरात दुरुस्तीला माणसे आली. छोटी बातमी थोडे लोक वाचतात. त्या थोड्यांत ज्याला काम करायचे असते तो माणूस असतो. आकड्यांच्या तक्त्यात हे दिसत नाही, आणि ते वरिष्ठांना कसे समजावून सांगावे हे मला अजून जमलेले नाही.

आणखी एक, वाचकांची पत्रे. 'लोकमानस' किंवा 'बहुतांची अंतरे' यांत आपल्या वस्तीतल्या वाचनालयाविषयी किंवा बंद पडलेल्या सभागृहाविषयी पत्र लिहिणारे लोक हे आमचे बिनपगारी बातमीदार होते. अशी पत्रे लिहिणाऱ्यांचा मराठी वृत्तपत्र लेखक संघ याच शहरात उभा राहिला, ही लहान गोष्ट नाही. आजही असे पत्र आले तर मी ते खिशात घालून त्या जागी जातो. कृपया लिहीत राहा.

कात्रणवही

मी जुन्या नाट्यप्रयोगांच्या नोंदी जमवण्याचे काम गेली काही वर्षे करते, म्हणून मला या चार ओळींचे मोल दुसऱ्या बाजूने कळते.

१९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत 'आविष्कार'च्या पुढाकाराने जी प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहिली, तिच्यावर लेख, मुलाखती, आठवणी पुष्कळ आहेत. पण अमुक एक प्रयोग नेमका कोणत्या तारखेला झाला आणि त्या दिवशी भूमिकेत कोण होते, हे शोधायला गेले की आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा उपयोगी पडतो तो त्या दिवशीचा पेपर आणि त्यातली बारीक टाइपातली नोंद. ती ज्याने लिहिली त्याला आपण इतिहास लिहितो आहोत असे वाटले नसेल, म्हणूनच ती विश्वासार्ह असते.

हे पेपर आज पाहायला मिळतात त्यामागे कायदा आहे आणि माणसेही आहेत. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक झाले आणि १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वर्तमानपत्रे आली. मुंबईत ती टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जमा होत आली. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या उपक्रमातून जुने छापील साहित्य डिजिटल स्वरूपात आणले आहे. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९८ पासूनचे. तिथल्या जुन्या अंकांची पाने उलटताना कडा हातात येतात, बोटांना तांबूस भुकटी लागते. पण तारीख वाचता येते.

आता माझ्याकडे फोनवर आलेली कार्यक्रमांची चित्रे जपून ठेवलेली आहेत, शेकड्यांनी. परवा त्यांतले एक उघडले. मागे फुलांची नक्षी, मधोमध वक्त्यांचे छायाचित्र, 'शनिवार, दि. १२, सायं. ६ वा., आपल्या नेहमीच्या सभागृहात'. महिना नाही, वर्ष नाही, सभागृहाचे नाव नाही. ज्या गटावर ते आले होते त्या गटातल्या लोकांना हे सगळे ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नाही. मी तीन वर्षांच्या दिनदर्शिका काढून १२ तारखेला शनिवार कोणत्या महिन्यांत येतो ते पाहिले, तरी निश्चित होईना. पोस्टकार्डावर निदान टपालाचा शिक्का असे.

परळकर, आपल्याकडे पिवळी आणि गुलाबी हँडबिले उरली असतील तर ती कृपा करून रद्दीत देऊ नका. दामोदरमध्ये झालेल्या नमनांचा आणि दशावताराचा पुरावा वर्तमानपत्रांत नाही, असे आपणच म्हणता. मग तो त्या कागदांतच आहे.

परळकर

हँडबिले आहेत. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, गावच्या घराच्या सातबाऱ्याखाली एक गठ्ठा आहे. आजपर्यंत ते कागद कोणाला हवे असतील असे वाटले नव्हते. आईला विचारून कळवतो. कागद मूळ स्वरूपात देणार नाही, पण छायाप्रती काढायला आपण आमच्या घरी अवश्य यावे.

पार्लेकरीण, आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. आपल्यापर्यंत कसे पोचेल, हा विचार आम्ही केला नव्हता, कारण आपण याल असे आम्हाला वाटले नव्हते. काल मी मंडळाच्या बैठकीत हा विषय काढला. तरुण मुले लगेच तयार झाली. ज्येष्ठांपैकी एकांचे म्हणणे पडले, की बाहेरचे लोक येऊन अर्ध्या तासात उठून जातात, तो कलाकाराचा अपमान होतो. त्यांची समजूत मी काढली आहे, पण आपणही रात्री उशिरापर्यंत बसायच्या तयारीने यावे.

जुना उपसंपादक

वरचे वाचून मी काल रात्री एका कागदावर नोंदीचा साचा लिहून काढला, तो इथे देतो. वार, तारीख, महिना, वर्ष, सुरू होण्याची वेळ, काय आहे, कोण करणार, सभागृहाचे पूर्ण नाव आणि जवळचे स्थानक, प्रवेशमूल्य किंवा 'विनामूल्य', संस्थेचे नाव. विशेषणे नकोत. एवढे चाळीस शब्दांत बसते, हा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे. मुंबईतल्या ज्या संस्था मला अजून ओळखतात त्यांना मी पत्र लिहितो आहे, की गटावर चित्र पाठवाल तेव्हा त्यासोबत हा मजकूरही साध्या अक्षरांत पाठवा. वार आणि तारीख जुळतात का, ते पाहण्याचे काम मी पुन्हा करायला तयार आहे. माझ्याकडे वेळ आहे.

शहरबातमी

तो एकत्र मजकूर दर गुरुवारी मला पाठवा. मुंबईच्या पानावर शुक्रवारी एक स्तंभ मिळतो का, ते वरिष्ठांना विचारतो. नक्की होईल असा शब्द देत नाही. पण हातात तयार, तपासलेला मजकूर असला तर विचारणे सोपे जाते. आजवर मी रिकाम्या हाताने विचारत होतो.

पार्लेकरीण

पंधरा दिवस झाले, म्हणून काय घडले ते कळवते.

आमच्या वाचनालयाच्या दारात एक जुना फळा होता, त्यावर सभासद शुल्काची मुदत लिहिलेली असे. ग्रंथपालांची परवानगी घेऊन त्याचा अर्धा भाग आम्ही मागून घेतला. उपसंपादक महोदयांनी तपासून पाठवलेल्या नोंदी मी गुरुवारी संध्याकाळी त्यावर लिहिते. पहिल्या आठवड्यात सात होत्या, या आठवड्यात अकरा. एक नोंद आम्ही परत पाठवली, कारण वार आणि तारीख जुळत नव्हती. नाटकांच्या वेळा मी तिकिटविक्रीच्या 'तिकिटालय' या अ‍ॅपवरून आणि प्रत्यक्ष तिकीटखिडकीवर जाऊन पडताळते. परळकरांच्या मंडळाकडून आलेली मुलुंडच्या दशावताराची नोंद चौथ्या क्रमांकावर आहे. शहरबातमी यांना स्तंभ अजून मिळालेला नाही. त्यांनी पुन्हा विचारले आहे.

काल सकाळी शुल्काची पावती घ्यायला आलेले एक गृहस्थ फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. आमच्या वाचनालयात ते फक्त दिवाळी अंकांसाठी येतात. मला वाटले शुल्काची मुदत वाचत असतील. आत येऊन त्यांनी विचारले, की मुलुंडच्या त्या दशावताराची वेळ कोणाचा तरी हात लागून पुसली गेली आहे, तो कितीला सुरू होतो?

रात्री आठ. मी जाऊन खडूने पुन्हा लिहिली.